न विचारलेला जबाब

मागून कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली आणि स्वरदाने ओ दिली नाही. ऐकू आले नाही असे म्हणायला जागा नव्हती. सेलूच्या फलाटावर त्या वेळी गर्दी अशी नव्हतीच. सावली धरून चार-दोन बाया गाठोड्यांना टेकून बसल्या होत्या, एक म्हातारा नळाखाली पाय धूत होता, आणि उन्हाने सगळे आवाज सुटे सुटे करून ठेवले होते. हाक स्पष्ट आली. आवाजही ओळखीचा होता. तरी तिने मान वळवली नाही. हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली, आणि आपण काहीतरी वाचतो आहोत हे मागच्याला दिसावे म्हणून उगाच पडद्यावर बोट फिरवत राहिली. दुसरी हाक जवळून आली, जरा खालच्या पट्टीत. म्हणजे हाक मारणारीला कळले होते. तेवढ्यात परभणीची गाडी आली. स्वरदा चढली, फलाटाच्या उलट बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली, आणि गाडी हलल्यावर तिला जाणवले की आपली मान लाकडासारखी ताठ झाली आहे. आपण असे का केले हे तिला पक्के माहीत होते, आणि नेमके त्याचेच तिला भय वाटले.

हाक मारणारी दैवशाला होती, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची. वालूरच्या पुढच्या एका वस्तीवरची धनगराची पोर. बाप धोंडीबा आणि आई केवळाबाई उन्हाळाभर मेंढरे घेऊन लोकांच्या मोकळ्या रानांत बसवत हिंडायचे, आणि ही मावशीकडे राहून कॉलेज करायची. स्वरदा सेलूच्या त्याच कॉलेजात तासिकांवर मराठी शिकवत होती. दर जूनला मुलाखत, दर जूनला नव्याने नेमणूक, आणि या जूनला कायम होण्याची शक्यता, असे तिचे गेली काही वर्षे चालले होते. दैवशाला वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, फारसे बोलायची नाही, पण लिहायची तेव्हा वाक्य असे सरळ नांगरटीसारखे जायचे. तिच्यावर कॉपीचा ठपका आला होता. परीक्षेत भरारी पथक आले तेव्हा तिच्या बाकाखाली कागदाची गुंडाळी सापडली. पेपर काढून घेतला, निकाल राखून ठेवण्याचे ठरले, आणि उद्या कॉलेजात चौकशी होती. चौकशी समितीत एक बाई लागते. कायम नोकरीतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून स्वरदाचे नाव घातले. "तुम्ही नुसतं बसायचं," प्राचार्य म्हणाले होते, चांगल्या मनाने.

आणि स्वरदाने पाहिले होते. शेजारच्या खोलीत तिची ड्यूटी होती. पुरवण्या संपल्या म्हणून ती व्हरांड्यात आली, आणि त्याच वेळी जिन्यावर पथकाच्या बुटांचा आवाज झाला. खिडकीतून समोर दैवशालाचे बाक, तिच्यामागे संस्थेच्या सचिवांचा भाचा. त्याने खिशातून गुंडाळी काढली, खाली टाकली, आणि चप्पल काढून उघड्या पायाच्या अंगठ्याने ती पुढे सरकवली. ढकलली नाही, सरकवली. अगदी जपून, एखादे झोपलेले मूल कुशीवर वळवावे तशी. दैवशाला लिहीत होती. स्वरदा पुरवण्या घेऊन आपल्या खोलीत परत आली. मग पलीकडून आवाज आले, बाक सरकल्याचे, कोणी दरडावल्याचे, आणि ती आपल्या मुलांना म्हणाली, "आपापल्या पेपरकडे बघा. लिहा." तो अंगठा तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. जेवताना, केस विंचरताना तो पांढुरका, नख वाढलेला अंगठा मधेच येई. कोणी तिला काही विचारले नव्हते. त्या खोलीत तिची ड्यूटीच नव्हती, मग विचारणार कोण?

गाडी मानवत रोड सोडून पेडगावच्या बाजूला लागली. पऱ्हाट्या उपटून मोकळी केलेली काळी राने दोन्हीकडे उन्हात पडलेली, आणि तारेच्या कुंपणांना अजून कापसाचे मळके झुपके लटकलेले. लहान असताना ती एकदा अशीच ओ न देता राहिली होती. परभणीला भाड्याच्या घरात, आईच्या शिलाई मशीनमागे, पडद्याच्या आत. वडील, माधवराव, शाळेत गणित शिकवायचे. घरी आले की तिला हाक मारायचे, रोजची, काही कामाची नसलेली. त्या दिवशी तिने उत्तर दिले नाही. काही कारण नव्हते. गंमत म्हणून पहिली हाक सोडली, आणि मग दुसरीला ओ द्यायची तर पहिलीला का दिली नाही हे सांगावे लागले असते. वडिलांचा आवाज आधी नेहमीचा होता, मग चिडका झाला, मग ते शेजारी जाऊन आले, विहिरीकडे जाऊन आले, आणि परत आल्यावर त्यांनी जी हाक मारली ती हाक नव्हतीच. त्यात तिचे नाव होते, पण ते तिला उद्देशून नव्हते. मशीनच्या तेलाचा वास नाकात, गुडघे छातीशी, आणि आपण आता बाहेर पडूच शकत नाही ही खात्री. शेवटी आईनेच, विमलाबाईंनी, तिला ओढून काढले. मारले नाही. "विचारलं की उत्तर द्यावं, आणि न विचारता तोंड उघडू नये, एवढं साधं आहे," असे त्या म्हणाल्या, आणि स्वरदा त्या साध्या गोष्टीवर वाढली. उलट उत्तर करायचे नाही. मधे बोलायचे नाही. सासरीही सगळे तिला गुणी म्हणत.

नवरा, नचिकेत, घरी आलेला होता. तो तहसीलमध्ये होता, आणि घरी आल्यावर बनियनवर बसून चहा पिताना त्याला कोणी काही सांगितलेले आवडत नसे. तरी तिने सांगितले. गुंडाळी, अंगठा, उद्याची चौकशी. फलाटावरचे तेवढे सांगितले नाही.

त्याने सगळे ऐकून घेतले. "तुला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"लेखी काही मागितलंय?"

"नाही. नुसतं बसायचं म्हणाले."

"मग तू नुसती बस." तो वाईट माणूस नव्हता. त्याने कप खाली ठेवला. "हे बघ, तू बोललीस म्हणून पोरगी सुटेल याची काय खात्री? उलट दोघीही अडकाल. जूनला मुलाखत तेच सचिव घेणार आहेत. आपण विचारल्यावर खोटं बोललो तर ते पाप. विचारलंच नाही तर त्यात आपलं काय आलं?"

तिला हे पटले. इतके पटले की ती स्वयंपाकाला लागली, कणीक भिजवली, आणि मग तिला दिसले की पाणी जास्त झाले आहे, पीठ बोटांना चिकटून ताणते आहे आणि आपण ते तसेच बघत उभ्या आहोत.

पोळ्या झाल्यावर जालन्याहून शांतवन सरांचा फोन आला. ते निवृत्त प्राध्यापक, चर्चच्या एका भाषांतर मंडळाचे काम बघायचे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या जुन्या भागात मधेच काही प्रकरणे हिब्रूऐवजी अरामी भाषेत आहेत. त्यांचे नवे मराठी भाषांतर मंडळ करत होते, आणि मराठी वाचायला नीट लागते का एवढे बघायला स्वरदाला पाने पाठवली होती. तिने ती मागच्या आठवड्यात परत केली होती.

"बाई, तुम्ही पानापानावर एकच खूण केलीय," सर म्हणाले. "'उत्तर दिले' दिसलं की तुमची तांबडी रेघ."

"सर, राजा महालाच्या गच्चीवर एकटा फिरतोय. समोर आपण बांधलेलं शहर बघतोय. कोणी काही विचारत नाही. आणि आपण लिहितो, राजाने उत्तर दिले. वाचणाऱ्याला वाटेल मधली एक ओळ छापायची राहिली."

सर हसले. "मुळात तसंच आहे. आने व-आमर. आने, उत्तर देतो. व-आमर, आणि म्हणतो. अना असा धातू आहे, उत्तर देणे. पण त्या शब्दाला आधी प्रश्न लागतच नाही. समोर काहीतरी असतं, घडलेलं असतं, त्याला माणूस तोंड देतो. तेवढं झालं की अरामी माणूस म्हणतो, उत्तर दिलं."

"मग 'बोलता झाला' करू. आपल्या पोथ्यांत असतं."

"मीही तेच लिहून खोडलं. 'बोलता झाला' म्हटलं की समोरचं काही उरतच नाही. नुसतं बोलणं उरतं."

ओट्यावरच्या तापलेल्या तव्याचा वास येत होता. मग तिच्या तोंडून गेले, "जबाब?"

"काय म्हणालात?"

"आमच्याकडे जवाब म्हणजे उत्तर, आणि जबाब घेतला म्हणजे पोलिसांनी साक्ष लिहून घेतली. शब्द एकच. म्हणजे, असं आपलं डोक्यात आलं."

"त्या धातूला तोही अर्थ आहे, बाई," सर सावकाश म्हणाले. "हिब्रू ही अरामीची बहीण. तिच्यात हाच धातू साक्षीसाठी येतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असं आपण वाचतो ना, तिथं अक्षरशः खोटं उत्तर देऊ नको असं आहे. आणि अरामीत त्याच अक्षरांचा आणखी एक शब्द आहे, दीन, दबलेला. पंडित म्हणतात, त्याचा याचा संबंध नाही. असेलही." मग ते भट्टीच्या गोष्टीवर आले. तीन तरुणांना राजा म्हणतो, मूर्तीपुढे वाका, नाहीतर भट्टीत घालतो. ते राजाला उत्तर देतात की या बाबतीत तुला उत्तर द्यायची आम्हाला गरज वाटत नाही. "मराठीत हे वेड्यासारखं वाटतं. पण तिथं शब्द दोन आहेत. पहिला अना. दुसरा, पितगाम परत करणे; निरोपाला निरोप. पितगाम फारशीतून आलेला, आपला पैगाम त्याच्याच घरचा. म्हणजे तुझ्या पैगामाला पैगाम आम्ही पाठवत नाही, पण तोंड आम्ही उघडलेलं आहे. बघा काही सुचतंय का."

तिने बघते म्हटले. फोन ठेवल्यावर नचिकेतने विचारले, कोण होते. "सर," ती म्हणाली. "शब्दाचं काम होतं." अंथरुणावर पडल्यावर तिला वाटले, एका शब्दाने आपल्याला कोपऱ्यात घेतले आहे, आणि मग या वाटण्याचा राग आला. शब्दाचा काय संबंध? तिथे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा राजा गच्चीवर फिरतो आहे, इथे एक पोर मावशीच्या घरी पडली असेल. तिचा डोळा लागला असेल का? फलाटावर ती काय विचारणार होती? कदाचित काहीच नाही. कदाचित उद्या किती वाजता यायचे एवढेच. तेवढ्यालाही आपण ओ दिली नाही.

सकाळी प्राचार्यांच्या खोलीत कूलर चालू होता आणि टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. प्राचार्य, परीक्षा विभागाचे सर, संस्थेचे सचिव, आणि कडेच्या खुर्चीत स्वरदा. क्लार्क दत्ता लिहायला बसला होता. दैवशाला उभी होती. तिच्यामागे दाराशी धोंडीबा, मुंडासे हातात काढून घेतलेले, अंगाला मेंढरांचा आणि उन्हाचा वास. त्याला कोणी आत बोलावले नव्हते आणि बाहेरही थांब म्हटले नव्हते. दैवशालाने स्वरदाकडे एकदा पाहिले. त्या बघण्यात तक्रार नव्हती, हेच वाईट होते. फलाटावरचे तिने मनातून काढून टाकले होते, लोक असेच असतात म्हणून.

"कागद तुझ्या बाकाखाली सापडला. तुझं काय म्हणणं आहे?" प्राचार्यांनी विचारले.

दैवशाला बोलायच्या आधी मागून धोंडीबाच बोलला. "चुकलं सायेब. लेकराचं चुकलं. येक डाव माफी करा. पुन्यांदा न्हाई व्हायचं."

"आबा, म्या काय बी केलेलं न्हाई."

"तू गप." तो पुढे आला आणि टेबलाला हात लावून नमस्कार केला. "आमी अडाणी मानसं. तिला समजत न्हाई. तुमी मोठे हाव, पदरात घ्या."

परीक्षा विभागाच्या सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो स्वरदाला ऐकू आला. सचिव म्हणाले, "बघा, वडील कबूल करायलेत. आपण काही कठोर नाही. माफीचं लिहून घ्या, यंदाची परीक्षा रद्द, पुढच्या वर्षी बसू द्या. बाबा, तुम्ही बाहेर बसा जरा." धोंडीबा मान हलवत बाहेर गेला. त्याच्या चेहऱ्यावर काम झाल्याचे समाधान होते. माणसे अशीच सुटतात हे त्याने रानोरान हिंडून शिकलेले होते. कोणाच्या पिकात मेंढरू गेले नसले तरी गेले म्हणायचे, हात जोडायचे आणि पुढचे रान धरायचे. दत्ताने कागद दैवशालापुढे केला.

ती सही करेना. "सर, मी यावर सही करणार न्हाई. आन तुमी ठरवूनच बसलाव, तर मी तुमाला काय जवाब देऊ? देतच न्हाई."

"ही भाषा," सचिव म्हणाले.

आता कोणीतरी आपल्याला विचारील, असे स्वरदाला वाटले. निदान प्राचार्य एकदा आपल्याकडे बघतील, म्हणतील, मॅडम, तुमचे काही? तेवढा एक शब्द पुढे आला असता तर त्याला धरून ती उठली असती. कूलर घरघरत होता. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिले. दत्ताने पेनाचे टोपण लावले, आणि त्या एवढ्याशा टक् आवाजाने तिच्या लक्षात आले की कोणीही विचारणार नाही. विचारणे हे यांच्याच हातात आहे, आणि ते हातातून सुटू द्यायचे नाही म्हणून तर आपल्याला नुसते बसायला सांगितले आहे. समोर ती पोर उभी होती. दुसरे काही समोर नव्हते.

"मी पाहिलंय," स्वरदा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच फार मोठा वाटला. "कागद तिचा नाही. मागच्या बाकावरून आलाय. मी व्हरांड्यात होते. खिडकीतून पाहिलं."

मग सचिव शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोणी काही विचारलेलं नाही."

"हो."

"मागच्या बाकावर कोण होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिने नाव घेतले, आडनावासह. मग पाय, अंगठा, गुंडाळी, जिन्यावरचे बूट, सगळे क्रमाने सांगितले. "हे लिहून घ्या. माझा जबाब म्हणून."

दत्ताने प्राचार्यांकडे पाहिले. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते फार शूर नव्हते, पण शेवटी मान हलवली. दत्ता अडखळला. "मॅडम, याच्यात वर प्रश्न आन खाली उत्तर, असं ऱ्हातं. तुमचा प्रश्न काय लिहू?"

"प्रश्न कोणी विचारलाच नाही," परीक्षा विभागाचे सर पुटपुटले.

"प्रश्नाची जागा कोरी ठेवा, दत्ताभाऊ," स्वरदा म्हणाली. "उत्तर लिहा."

त्याने लिहिले. मग वाचून दाखवले, क्लार्क वाचतात तसे, कुठेही न थांबता, आणि त्या सपाट आवाजात आपली वाक्ये ऐकताना तिला ती कोणा दुसऱ्या, बऱ्या बाईची वाटली. तिने सही केली. सचिव उठून गेले होते. पुढे हे प्रकरण विद्यापीठात गेले, दैवशालाचा निकाल पावसाळा संपता संपता लागला, ती पास झाली; आणि जूनच्या मुलाखतीला स्वरदाला बोलावणे आले नाही. भाच्याचे काय झाले ते तिला शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या वेळी यातले काहीच ठाऊक नव्हते. दैवशालाबरोबर ती बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा पाय हलके झाले होते.

धोंडीबा खांबाशी उकिडवा बसला होता. तो उठला. "काय झालं बाई? केली का माफी?"

"माफीचं काही नव्हतंच, बाबा."

त्याला ते समजले नाही. त्याने मुलीकडे पाहिले.

"आबा, मॅडमनं जबाब दिला," दैवशाला म्हणाली. "मागच्या पोरानं टाकलेला कागद त्यांनी पाहिलता. नाव घेऊन सांगितलं."

"कुणाचं नाव?"

तिने सांगितले. धोंडीबा ते नाव ऐकून जरा मागे सरला, जसे काही नावालाच धग होती. मुंडासे हातात होते ते त्याने सावकाश डोक्याला गुंडाळायला घेतले, आणि अर्धे गुंडाळून थांबला. स्वरदाला वाटले, तो आता हात जोडील; तिने ते नको म्हणायची तयारीही केली. त्याने हात जोडले नाहीत. तो तिच्याकडे बघत होता, एखादे जनावर कळपातून बाजूला पडलेले दिसावे तसा, काळजीने.

"मग आता बाई, तुमचं कसं?" त्याने विचारले.

दैवशालाही तिच्याकडे बघू लागली. दोघे थांबले. आज तिला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. "ठाऊक नाही, बाबा," स्वरदा म्हणाली.